केतुब्याची मागची बाजू

माझ्या आजोळी एका गोष्टीवर कधी वाद झाला नाही: आपण इसाजी हसाजीच्या वंशातले, आणि हा इसाजी म्हणजे मुंबईची जुनी मशीद बांधणाऱ्या सामाजी हसाजी दिवेकरांचा सख्खा भाऊ. आम्हां बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरी याहून मोठा मान नाही.

सामाजी, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर, आणि त्यांचे भाऊ इसाजी हे दोघे कंपनीच्या मुंबई फौजेत होते. 1780 ते 1784 या काळातल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस सामाजींनी केला. ‘बनी इस्राईल’ हे नाव कुराणातून ओळखीचं असल्यामुळे टिपूच्या आईने मुलाला सांगून यांचे प्राण वाचवले, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नवस फेडला गेला. 1796 मध्ये मांडवीत ‘शआर हारहमीम’ उभं राहिलं, बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग. तोवर कोकणातल्या आमच्या लोकांनी देवाचं नाव घरातच घेतलं होतं. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद हीच, असं समाजात मानतात, आणि शेजारच्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव पडलं. मशिदीसाठी तोराची पोथी आणायला सामाजी कोचीनला गेले, ते तिकडेच वारले.

आता आमचा इसाजी. आजीच्या आईचे हे वडील. गेले 1876 मध्ये किंवा 1877 मध्ये. साल नेमकं कोणतं, हा आमच्या घरातला जुना वाद, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण दोन्हींतलं कुठलंही साल धरलं तरी टिपूच्या तुरुंगातून सुटलेला शिपाई तोवर शंभरीच्या पुढे गेलेला असायला हवा. आमचा इसाजी मेला तेव्हा त्याच्या धाकट्या मुलीला, म्हणजे माझ्या पणजीला, नववं वर्ष होतं. म्हणजे दिवेकरांचा इसाजी वेगळा, आमचा वेगळा. आमच्या घराण्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल होती, त्यामुळे हसाजीचा इसाजी, इसाजीचा हसाजी असं ते चक्र चालूच राहिलं. थोर घराण्यातल्या नावाशी आपलं नाव तंतोतंत जुळलं की नातं आपोआप जुळतं, आणि एकदा जुळलं की ते तोडणं कुणाच्या जिवावर येत नाही. आजीच्या हयातीत मी हा हिशेब तिच्यापुढे मांडला नाही.

मी नोकरी केली ती भूमी अभिलेख खात्यात. जुन्या खातेवह्या, मोडीतली पत्रकं, वारसांचे तंटे, यांतच उमेदीची वर्षं गेली. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलू लागले की त्यातला एक खोटा असं लगेच धरायचं नाही. आधी बघायचं, तो कागद कुणी केला, कशासाठी केला, आणि त्या वेळी त्याला कोणता प्रश्न विचारला होता. सारा वसूल करणाऱ्याला जमीन कोण कसतो एवढंच हवं असतं. पेन्शन देणाऱ्याला माणूस जिवंत आहे का एवढंच. हज्जानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला, हवं असतं बापाचं नाव. या तिघांच्या कागदांत एकच माणूस तीन वेगळ्या माणसांसारखा दिसतो.

आमच्या घरी हे कागद एकत्र आले त्याला कारण माझी मावशी. 1948 नंतर कोकणातून, ठाण्या-मुंबईतून आमचे लोक इस्रायलला जाऊ लागले, त्यांत ती गेली आणि बीरशेबाला राहिली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिथे बेने इस्राएलांच्या लग्नांवरून मोठं वादळ उठलं होतं. 1962 च्या फेब्रुवारीत तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढल्या: बेने इस्राएल वधू-वरांची आई, आईची आई, जिथवर माग लागेल तिथवर तपासा, त्या ज्यू होत्या का ते पाहा. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून जातो, म्हणून चौकशी आईच्या बाजूची. बाकी कुठल्या देशातून आलेल्या ज्यूंना नावानिशी असं विचारलं जात नव्हतं. ज्यांनी कोकणात शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला आणि त्यापायी ‘शनवार तेली’ हे नाव घेतलं, त्यांना विचारलं गेलं की तुमची पणजी कोण. त्या अपमानाची जळजळ मावशीच्या पत्रांतून अजून हाताला लागते.

ती राहत होती तिथल्या कचेरीने तिला एक अर्ज भरायला दिला. तिने आईचं नाव लिहिलं, आजीचं लिहिलं, पणजीचं ‘सखूबाई, इसूबजीची बायको’ असं लिहिलं, आणि कागद पाठवा म्हणून ठाण्याला आजोबांना कळवलं. आजोबांनी घरात होतं ते शोधलं. त्यांना केतुबा सापडला, म्हणजे लग्नाचा करार. त्याचा फोटो काढून त्यांनी बीरशेबाला पाठवला. केतुब्यात होतं: यित्झाक, यहेझकेलचा मुलगा, राहेल, शेलोमोची मुलगी. साल 5615, महिना अदार. इंग्रजी हिशेबाने 1855 चा फेब्रुवारी-मार्च.

कचेरीतल्या माणसाने अर्ज आणि केतुबा शेजारी ठेवले. अर्जात नवऱ्याचं नाव योसेफ, केतुब्यात यित्झाक. अर्जात बायको सखू, केतुब्यात राहेल. हा कागद तुमच्या पणजीचा नाहीच, असं त्याने सांगितलं, आणि अर्ज पडून राहिला.

कोकणातल्या ज्यू नावांची रीत माहीत असलेल्या कुणालाही यातली पहिली गाठ सोडवता येते. आमच्या लोकांनी धर्मग्रंथातली नावं टाकली नाहीत, त्यांना ‘जी’ लावून आपल्या तोंडी बसवली. सॅम्युअलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, डेव्हिडचा दाऊदजी, जोसेफचा इसूबजी. इसाजी आणि इसूबजी भरभर म्हणून पाहा. मावशीच्या चुलत घरात इसूबजी नावाचे एक काका होते, तिच्या कानावर ते नाव सारखं पडायचं, आणि अर्ज भरताना तिच्या हातून तेच उतरलं. पलटणीच्या इंग्रज कारकुनांनी हीच नावं पुन्हा उलटी फिरवली. घरी असलेल्या पेन्शनच्या कागदावर आमचा इसाजी ‘हवालदार आयझॅक इझिकेल’ आहे. खातेवहीत तो ‘इसाजी वल्लद हसाजी शनवार तेली’. केतुब्यात आणि कबरीच्या दगडावर ‘यित्झाक बेन यहेझकेल’. चार लिहिणारे, चार हात, माणूस एकच.

गावाचंही तसंच. पेन्शनच्या कागदावर मुक्काम नागाव, घरातल्या सांगण्यात थळ. आमची ‘कर’ लावलेली आडनावं गावांवरूनच आली: दिवेकर, किहीमकर, पेणकर, झिराडकर, राजपुरकर. पण भरती होताना शिपाई त्या वेळी कुटुंब जिथे राहतं ते गाव सांगतो, आणि आजीला मात्र मूळ गाव सांगायचं असतं. दोन्ही गावं अलिबागच्या आसपासची. हा सगळा मुलूख 1840 पर्यंत आंग्र्यांचा होता. माणसं एका गावातून दुसरीकडे घाणा हलवत, मुंबईला जात, परत येत, त्याची नोंद कुणी ठेवायची?

सालाचा वाद मात्र नीट सांगण्यासारखा आहे, कारण त्यात मी रमलो.

आमच्या घरात 1874 मध्ये पुण्याला छापलेला हागादा आहे, हिब्रू मजकूर आणि शेजारी मराठी अर्थ, चित्रांसकट. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक पणजीकडे आलं, तिच्याकडून आजीकडे. पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या पानावर कुणीतरी बोरूने बाळबोधीत लिहिलंय: ‘इसाजी हसाजी मयत पौष शके 1798’. शकात 78 मिळवले की 1876. माझ्या थोरल्या मामाचं साल हे.

कबरीच्या दगडावर हिब्रूत तारीख आहे: 16 तेवेत, आणि सालासाठी चार अक्षरं, ताव, रेश, लामेद, झायिन. हिब्रूत अक्षरंच आकडे. चारशे, दोनशे, तीस, सात, मिळून 637. हजाराचा आकडा दगडावर कोरत नाहीत, तो मनात धरायचा. म्हणजे 5637. त्यातून 3760 वजा केले की 1877. धाकट्या मामाचं साल हे. दोघे भाऊ आपापल्या वजाबाकी-बेरजेवर शेवटपर्यंत ठाम राहिले.

पेन्शनच्या कागदावर शाईने शेरा आहे: मयत, 31 डिसेंबर 1876. आणि आजी सांगायची ते चौथंच: ‘राणीचा दरबार झाला त्या दिवशी त्यांना माती दिली. तिकडे तोफा आणि इकडे खांद्यावर ताटी.’ हा दरबार म्हणजे दिल्लीचा. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो दिवस 1 जानेवारी 1877. सोमवार होता.

मी पंचांग आणि हिब्रू कॅलेंडर घेऊन बसलो. शके 1798 चा पौष 1876 च्या डिसेंबरच्या मध्यात सुरू होतो आणि 1877 च्या जानेवारीच्या मध्यात संपतो, त्यामुळे शकात 78 मिळवायचे की 79 हे महिन्याच्या कुठल्या भागात आहोत त्यावर ठरतं. त्या वर्षी तेवेतची पहिली तारीख 17 डिसेंबरला आली. सोळा मोजली की येतो 1 जानेवारी 1877. पण आमचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्यास्ताला बदलतो. 16 तेवेत सुरू झाला तो 31 डिसेंबरच्या संध्याकाळी, दिवस मावळताच. इसाजी त्या रविवारी दिवेलागणीनंतर गेला असेल, तर सरकारी कागदावर 31 डिसेंबर बरोबर, दगडावर 16 तेवेत बरोबर, हागाद्यातला पौष बरोबर. आणि आमच्यात मयत ठेवून घेत नाहीत, सकाळीच उचलतात. म्हणून दरबाराच्या दिवशी माती दिली ही आजीची आठवणही बरोबर. चारही साक्षी एका रात्रीभोवती येऊन बसतात. एकालाही खोटं ठरवावं लागत नाही. इतकंच नव्हे, तो दिवसा गेला नाही हे चारांपैकी एकानेही लिहिलेलं नाही, तरी ते चौघांना एकत्र ठेवल्यावरच कळतं.

हे मी मामांच्या पश्चात जुळवलं. त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण हा सगळा पुरुषाचा माग झाला. बीरशेबाच्या कचेरीला इसाजी कधी गेला याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिला बाई हवी होती. आणि आमच्या कागदांत बायका कुठे असतात? पलटणीच्या कागदात हवालदाराची बायको नाही. दगडावर बापाचं नाव आहे, बायकोचं नाही. हागाद्याच्या पानावर पणजीच्या जन्माची ओळ आहे, ‘कन्या झाली’ एवढीच; आईचं नाव नाही. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला, घराणी, काजी, मुकादम, सुभेदार, सगळं जिवापाड गोळा केलं. 1897 मध्ये पुरा झालेला तो ग्रंथ छापून यायला 1937 साल उजाडलं. समाज त्यांच्या ऋणात आहे. त्यातही घराण्यांचा धागा बापाकडून मुलाकडे जातो. ज्या कायद्याने वंश आईकडून चालतो, तो पाळणाऱ्या समाजाने आईचं नाव लिहून ठेवायची गरज मानली नाही, कारण गावात सगळ्यांना ते माहीतच असायचं. तपासणारा समुद्रापलीकडून येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सखूबाई मला पहिल्यांदा भेटली ती नागावच्या खातेवहीत. इसाजीच्या नावाखाली, वेगळ्या शाईत: ‘मयत, वारस बायको सखू, मुले अज्ञान’. मुलं लहान होती म्हणून बाईचं नाव चढलं, नाहीतर तेही आलं नसतं. म्हणजे इसाजीच्या विधवेचं नाव सखू, ही मावशीची गोष्ट खरी. पण केतुब्यातली राहेल कोण? पहिली बायको वारली आणि सखू दुसरेपणावर आली, असाही अर्थ निघू शकत होता. मग पणजी कुणाची?

साक्षीदारांकडून मदत होईल असं मला आधी वाटलं. केतुब्यावर दोघांच्या सह्या आहेत. पण धर्माप्रमाणे साक्षीदार वधू-वरांच्या नात्यातला चालत नाही, त्यामुळे त्या सह्यांवरून कुठल्याच घराकडे वाट जात नव्हती.

आजीच्या मागे तो केतुबा माझ्याकडे आला. जाड कागद, कडेला लाल-हिरव्या रंगाची वेलबुट्टी, कीड लागून दोन ठिकाणी जाळी झालेली, घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटवलेली कागदाची पट्टी. पट्टी सुटत आली होती. ती जपून उचलली तर खाली मोडी. बारीक, घाईचं, एका ओळीत दुसरी घुसलेली. आमच्या खात्यात याहून वाईट मोडी मी वाचलेली आहे. यादी होती, लग्नात मुलीला घातलेल्या डागांची: नथ, सरी, बुगड्या, पाटल्या, प्रत्येकापुढे वजन. वर मथळा: ‘सुलेमानजी यांणी कन्या सखू इजला घातले डाग’. आणि खाली ठिकाण, मुरूड.

शेलोमो म्हणजे सुलेमानजी. त्याची मुलगी राहेल मंडपात हज्जानने वाचली, तीच घरात सखू. एकाच बाईची ही दोन नावं, एकाच कागदावर. पुढची बाजू देवासमोरची, मागची सोनाराच्या तागडीसमोरची. आजोबांनी पुढच्या बाजूचा फोटो काढला होता, आणि तो काढताना पट्टी जिथल्या तिथे होती.

इसाजीला दुसरी बायको नव्हती. सखूची मुलगी माझी पणजी, तिची मुलगी आजी, आजीच्या मुली आई आणि मावशी. साखळीतली प्रत्येक बाई आता कागदावर आहे.

मावशीला या कागदाची वाट पाहावी लागली नाही. जेरुसलेमला आमच्या लोकांनी धरणी धरली, उपोषणं केली, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद करता येणार नाही, असं जाहीर केलं. धर्मपीठाला सूचनांतून समाजाचं नाव काढावं लागलं. मावशीचं लग्न त्यानंतर लागलं. डागांच्या यादीचा फोटो मी तिला पाठवला तेव्हा ती म्हातारी झाली होती. फोनवर तिने सगळी यादी मला दोनदा वाचायला लावली, वजनांसकट. मग म्हणाली, ‘बुगड्या आईकडे होत्या रे. मला इकडे येताना तिने दिल्या नाहीत, ताईला दिल्या.’ ताई म्हणजे माझी आई. बुगड्या आमच्या घरात आहेत. वजन करून पाहिलं. यादीतल्या तोळ्या-माशांशी जुळतं, किंचित झीज सोडून.

आता सखूची आई राहिली आहे. मुरूड त्या काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या राज्यात होतं, इंग्रजी मुलखात नव्हतं, त्यामुळे कुलाबा जिल्ह्याच्या दफ्तरात सुलेमानजीचं घर सापडायचं नाही. संस्थानी कागद वेगळे, त्यांची मांडणी वेगळी. सुलेमानजीचा घाणा असेल तर घाण्यावरचा कर कुठेतरी नोंदलेला असणार, आणि तो मेल्यावर घाणा कुणाच्या नावे चढला हेही असणार. मुलं अज्ञान असतील तरच तिथे बाईचं नाव मिळेल. मुरूडच्या कबरस्तानातले जुने दगड बरेचसे कोरे आहेत, नुसते उभे केलेले. तिथून काही हाती लागेलसं वाटत नाही. ठाण्यात मुरूडकडची म्हणून सांगणारी काही घरं आहेत, त्यांच्याकडे केतुबे आहेत. मी त्यांना एकच विनंती केली आहे, चौकटीतून काढून मागची बाजू बघू द्या.